दर श्रावणात गव्हाला टोके का लागतात? वर्षाच्या साठवणीचा नेहमीचा बिघाड आणि त्याची दुरुस्ती

मे महिन्यात गहू आणला, निवडला, गच्चीवर ऊन दिलं, कोठी भरली, वर कडुलिंबाचा पाला टाकला. तरी नारळी पौर्णिमेच्या सुमाराला झाकण उघडलं की वरच्या थरावर काळपट टोके फिरताना दिसतात. मग चाळणं, उघडीप मिळाली की पुन्हा ऊन दाखवणं, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. २०२० च्या टाळेबंदीनंतर ज्यांनी नव्याने धान्य भरायला सुरुवात केली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी दोन-तीन वर्षांत याच त्रासाला कंटाळून पुन्हा पाच-पाच किलोच्या पिशव्यांवर येणं पसंत केलं. साठवण सोडायची गरज नाही. फक्त कीड आपल्या कोठीत 'होते' ही समजूत सोडायला हवी. बहुतेक वेळा ती धान्याबरोबरच घरात आलेली असते, किंवा गेल्या वर्षीपासून कोठीच्या फटीत बसलेली असते.

आधी कोणती कीड आहे ते बघा

सगळ्याला 'किडे झाले' म्हणून एकच उपाय केला की काम बिघडतं.

गहू, तांदूळ किंवा ज्वारीत पुढे लांब सोंड असलेला, दोन-तीन मिलिमीटरचा काळपट किडा दिसला तर तो सोंडकिडा, म्हणजेच आपला टोका. याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक चिकट द्रवाने बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच खाते, आतच कोष करते, आणि पूर्ण वाढलेला किडा दाणा फोडून बाहेर येतो. बाहेरून तो दाणा महिनाभर अगदी निरोगी दिसतो. म्हणून चाळणीने फक्त बाहेर आलेले किडे जातात, पुढची पिढी दाण्यातच राहते. तीस अंशांच्या आसपास अंड्यापासून किड्यापर्यंत साधारण एक महिना लागतो. मे ते ऑगस्टमध्ये तीन पिढ्या सहज होतात. एकेक मादी शेकड्याने अंडी घालू शकते, तेव्हा मे महिन्यात डोळ्यांना न दिसलेली पाच-दहा बाधित दाण्यांची सुरुवात श्रावणात एकदम फुटल्यासारखी वाटते यात नवल नाही.

दाण्यांना भोकं आहेत, पण सोंड असलेला किडा नाही, तळाशी मात्र भरपूर पीठ साचलंय, असं असेल तर तो दंडगोल, तपकिरी, डोकं खाली वळवलेला भुंगेरा. हा जास्त खादाड. उपाय मात्र टोक्याचेच.

रवा, मैदा, पीठ यांत पळणारे चपटे तांबडे पोरकिडे वेगळे. यांना अख्खा, न फुटलेला दाणा नीट फोडता येत नाही. ते तुकड्यांवर आणि भुश्शावर जगतात. अख्ख्या गव्हात हे दिसले तर समजावं की गहू नीट चाळला गेला नव्हता, किंवा आधी टोक्यांनी वाट करून दिली. फार झाले की पिठाला उग्र वास येतो. तो आला की पीठ वाचवायच्या भानगडीत पडू नये.

मूग, मटकी, चवळी, हरभरा यांच्या दाण्यावर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती कडधान्याच्या भुंगेऱ्याची अंडी. ही कीड शेतातच शेंगांवर सुरू होते, त्यामुळे दुकानातून आणलेल्या नव्याकोऱ्या चवळीतही ती असू शकते. आणि दाण्याला दाणा जाळीने चिकटून गठ्ठे झाले असतील तर ते पतंगाच्या अळीचं काम. रवा, तांदूळ, शेंगदाणे ही त्याची आवडती ठिकाणं.

ऊन दिलं होतं, तरी कीड का?

कारण ऊन कमी पडतं. गच्चीवर चार बोटं जाडीचा गव्हाचा थर पसरला तर वरचे दाणे तापतात, खालचे कोमट राहतात. बाहेरचे किडे पळून जातात (कुठे जातात? भिंतीकडे, आणि तिथून शेजारच्या तांदळाच्या डब्याकडे). दाण्याच्या आतली अळी मात्र बहुतेकदा जगते. तिला मारायला दाणाच साठ अंशांच्या आसपास काही वेळ तापायला हवा.

त्यासाठी एक साधी रीत आहे. धान्य आधी उघड्यावर दोन दिवस खडखडीत वाळवून घ्यावं. मग जमिनीवर जुनी सतरंजी किंवा गोणपाट, त्यावर काळं प्लास्टिक, त्यावर दोन-तीन सेंटिमीटरचा धान्याचा थर, आणि वरून पारदर्शक प्लास्टिक. कडा दगडांनी दाबून टाकायच्या. एप्रिल-मेच्या भर दुपारी दोन-तीन तासांत आतलं तापमान साठच्या वर जातं आणि अंडी, अळ्या, भुंगेरे सगळेच मरतात. खालचं गोणपाट वगळू नका. ते नसेल तर उष्णता जमिनीत जाते. क्रमही उलटा करू नका: झाकलेल्या थरातून ओल बाहेर पडू शकत नाही, म्हणून वाळवणं आधी, तापवणं नंतर. कडधान्यांसाठी तर मला ही सगळ्यात भरवशाची रीत वाटते.

तापलेलं धान्य तसंच पत्र्याच्या कोठीत ओतायचं नाही. रात्री पत्रा गार झाला की आत घाम सुटतो आणि वरचा थर दमट होतो. घरात आणून, चादर झाकून रात्रभर निवू द्यावं आणि सकाळी भरावं. रात्रभर गच्चीवर ठेवलं तर दव खातं.

धान्य पुरेसं वाळलंय की नाही, हे कसं कळायचं? दाणा दाताखाली कडकन फुटायला हवा, नुसता चेपायला नको. याहून पक्की परीक्षा मिठाची आहे. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ घालून मिनिटभर हलवावं आणि पंधरा मिनिटं ठेवावं. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे, साठवू नका. न चिकटल्यास निदान बुरशीचं भय टळलं. वर्षभरासाठी मात्र ओल १२ टक्क्यांच्या खाली हवी, म्हणून मिठाच्या परीक्षेत पास झाल्यावरही आणखी एक-दोन उन्हं द्यावीत. गहू धुऊन वाळवण्याची ज्यांच्याकडे पद्धत आहे त्यांनी तर हे जरूर करावं, कारण धुतलेल्या गव्हाच्या पोटातली ओल एका दिवसात जात नाही.

कोठी मोठी, हीच अडचण

खरं सांगायचं तर बहुतेक घरांत बिघाड इथेच आहे. पन्नास किलोची कोठी रोज उघडली जाते. जून ते सप्टेंबरमध्ये, विशेषतः कोकणात, हवेत इतकी आर्द्रता असते की महिन्यापूर्वी वाळवलेला गहू प्रत्येक उघडझापीत थोडी थोडी ओल शोषत जातो. धान्य जसजसं कमी होतं तसतशी कोठीत हवा वाढते, आणि किड्यांना तेच हवं असतं.

आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्याच्या बाजूला ज्वारीची पेवं असायची. जमिनीत खोल खड्डा, आत कडबा-भुसा, वर माती लिंपून तोंड बंद. त्यात कीड का लागत नसे? बंद पेवातला प्राणवायू धान्य आणि किडे मिळून संपवत, आणि मग किडेच गुदमरत. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडून बघत, तो विझला तर थांबत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठी जी तीन पदरी हवाबंद पोती पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी विकसित केली, त्यांच्यामागेही हेच तत्त्व आहे. प्राणवायू दोन-तीन टक्क्यांच्या खाली गेला की टोके खाणं थांबवतात आणि काही दिवसांत मरतात.

घरात हे करायचं तर मोठ्या कोठीऐवजी घट्ट झाकणाचे पाच, दहा, वीस लिटरचे डबे किंवा जार घ्यावेत. वीस लिटरच्या जारमध्ये साधारण १५ किलो गहू मावतो. जार काठोकाठ भरायचा, ठोकून-हलवून पुन्हा भरायचा, म्हणजे आत मोकळी हवा कमीत कमी राहते. झाकणाच्या फटीवरून चिकटपट्टी फिरवायची आणि वर तारीख लिहायची. एका वेळी एकच जार उघडायचा. चौघांच्या, दोन्ही वेळा पोळ्या खाणाऱ्या घरात तो तीन-चार आठवडे जातो, म्हणजे किड्यांना एक पिढीसुद्धा धड पुरी करता येत नाही. बाकीचे जार बंदच असतात. एकात चुकून बाधा असलीच तर ती तिथेच अडकते, वर्षाचं धान्य जात नाही.

कोठीच वापरायची असेल तर निदान आत जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत दहा-दहा किलोचे वाटे करून, तोंडं पिळून बांधून ठेवा. कोठी भिंतीला टेकवू नका, खाली फळी द्या, आणि ती स्वयंपाकघरात वाफेच्या जवळ नको. नवं धान्य जुन्यावर ओतणं तर कटाक्षाने टाळा. जुन्या गव्हाचे तळातले दोन किलो वाचवायला जाऊन नव्या पन्नास किलोंना कीड लावून घेणारी घरं कमी नाहीत. ज्या बारदानातून धान्य आलं ते घरात घडी करून ठेवू नये. पुन्हा वापरायचं तर उकळत्या पाण्यातून काढून वाळवावं.

पाला, एरंडेल, पावडरी आणि गोळ्या

कडुलिंबाचा पाला किड्यांना थोडा दूर ठेवतो, आत असलेल्यांना मारत नाही. सावलीत कुरकुरीत वाळवलेला असेल तरच घालावा. ताजा पाला म्हणजे आपल्याच हाताने कोठीत ओल घालणं. लवंग, तमालपत्र, सुक्या मिरच्या यांचंही तेच. घातल्याने बिघडत नाही, पण त्यांच्या भरवशावर राहू नये.

एरंडेल खरोखर उपयोगी आहे, विशेषतः तूरडाळ आणि कडधान्यांना. किलोला लहान चमचाभर, हाताने चोळून, प्रत्येक दाण्याला पुसट लागेल इतकंच. तेलाच्या पातळ थरामुळे कडधान्याच्या भुंगेऱ्याची अंडी दाण्यावर टिकत नाहीत. गव्हाला लावायचं तर हात आणखी आखडता घ्या. गिरणीवाला तेलकट दळणावर कुरकुरतो, आणि त्याचं बरोबर असतं. बी म्हणून ठेवलेल्या वाल-चवळीला चुलीची चाळलेली राख अजूनही उत्तम. ज्यांच्याकडे चूल आहे त्यांना हे सांगायला नकोच.

तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. मी ती सुचवणार नाही. कुणी वापरलीच असेल तर तांदूळ तीन-चार पाण्यांतून स्वच्छ धुऊनच शिजवावा. गव्हाला तर ती मुळीच लावू नये, कारण गहू थेट गिरणीत जातो, मध्ये पाणी लागतच नाही. किराणा दुकानांत मिळणाऱ्या पाऱ्याच्या गोळ्या खाण्याच्या धान्यात टाकू नयेत. पारा विष आहे, कापडात बांधल्याने तो सौम्य होत नाही. डांबरगोळ्याही नकोत.

आणि गोदामात वापरतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी 'ओळखीतून' आणून दिल्या तर घरात घेऊच नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. कोठी ज्या खोलीत आहे तिथे माणसं झोपत असतील तर रात्रीत जीव जाऊ शकतो, आणि या विषावर उतारा नाही. असे मृत्यू आपल्याकडे झालेले आहेत. पन्नास किलो गव्हाची किंमत काय असेल ती असो, त्यासाठी हे करू नये.

काही वस्तू साठवूच नयेत, काही वेगळ्या ठेवाव्यात

पीठ साठवायची गोष्ट नाही, धान्य साठवावं. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे तिचं पीठ आठवड्याभरात कडवट होऊ लागतं. अख्खी बाजरी मात्र कित्येक महिने टिकते. दळण गिरणीतून गरम येतं ते उघड्या परातीत निवल्यावरच डब्यात भरायचं. रवा आणला की मंद आचेवर कोरडा भाजून, गार करून ठेवला तर जाळीचा प्रश्नच येत नाही. अख्ख्या कडधान्यांपेक्षा त्यांची डाळ सुरक्षित, कारण भुंगेऱ्याला अंडी घालायला अख्खा गुळगुळीत दाणा आवडतो. ज्यांचा मूग दरवर्षी किडतो त्यांनी मूग थोडा आणि मूगडाळ जास्त भरावी, इतका साधा हिशेब आहे.

शेंगदाण्याची अडचण किड्यांहून खवटपणाची आणि बुरशीची. सुरकुतलेले, काळपट, वास येणारे दाणे निवडून फेकावेत. त्यांच्यावरच्या बुरशीचं विष भाजल्याने जात नाही. असं बुरशीचं धान्य गाईम्हशींनाही घालू नये, ते विष दुधात उतरतं. तेल वर्षाचं भरून ठेवू नका, दोन-तीन महिन्यांचं पुरे, आणि तेही उजेडापासून दूर. मसाला आणि तिखट बरणीत दाबून भरून वर हिंगाचे खडे ठेवण्याची रीत सर्वांना ठाऊक आहेच.

साठा नक्की कशासाठी?

हा प्रश्न शेवटी येतो, पण यादी करण्याआधी विचारायला हवा. महागाईपासून बचाव म्हणून वर्षाचा गहू भरणं एक, आणि अडचणीच्या दिवसांत चूल चालू राहावी म्हणून साठा ठेवणं वेगळं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. अशा वेळी लाइट नसते, म्हणजे गिरणी बंद. घरात क्विंटलभर गहू असून पोळी नाही. तळमजल्यावरची कोठी तर भिजतेच, आणि पुराचं पाणी लागलेलं धान्य वाळवून खाण्यासारखं राहत नाही.

म्हणून गव्हाच्या जारांखेरीज एक वेगळी, उंचावरची फळी हवी. तिच्यावर दळायला न लागणाऱ्या आणि पटकन होणाऱ्या वस्तू: तांदूळ, मूगडाळ, पोहे, चुरमुरे, गूळ, फुटाणे, मेतकूट, भाजणी. सातूचं पीठ तर न विस्तवाचं, पाण्यात गूळ घालून कालवलं की झालं. घरातल्या माणसांना दहा दिवस पुरेल एवढं बास. पिण्याचं पाणी आणि गॅसचा दुसरा भरलेला सिलिंडर नसेल तर या फळीला फारसा अर्थ नाही, हेही तिथेच लिहून ठेवा. ही फळी रोजच्या खाण्यातून फिरती ठेवायची: जुने पोहे न्याहारीला, नवे फळीवर. 'अडचणीसाठी' म्हणून वर ठेवून विसरलेले पोहे अडचणीच्या दिवशी खवट निघतात.

आत्ता कीड लागलीच आहे आणि बाहेर पाऊस आहे

ऊन नाही, गच्ची ओली. तरी करण्यासारखं पुष्कळ आहे.

धान्य घराबाहेर, व्हरांड्यात किंवा गॅलरीत नेऊन चाळा. खाली पडलेला भुस्सा आणि किडे साबणाच्या पाण्यात टाका, केराच्या डब्यात टाकले तर ते चालत परत येतात. चाळलेलं धान्य हुंगून बघा. नुसते किडे असतील तर ते खाण्यात आणता येतं. कुबट वास, गाठी किंवा दाण्यावर हिरवट-काळी बुरशी असेल तर टाकून द्यावं लागेल.

वाचलेला गहू लगेच लहान डब्यांत काठोकाठ भरून बंद करा आणि तोच आधी वापरायला काढा. दर आठवड्याला थोडा थोडा दळून, चाळून, पीठ फ्रिजमध्ये. डाळी आणि कडधान्यं किलो-किलोच्या पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवली की अंड्यांसकट सगळं मरतं. नुसत्या फ्रिजमध्ये ठेवल्याने कीड मरत नाही, फक्त तिची वाढ थांबते, हा फरक लक्षात असू द्या. फ्रीझरमधून काढलेली पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर धान्यावर पाणी सुटतं.

कोठी रिकामी झाली की तिच्या सांध्यांतला आणि झाकणाच्या कडेतला जुना भुस्सा टूथब्रशने खरवडून काढा, गरम पाण्याने धुवा, आणि ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत झाकण उघडं ठेवून तशीच राहू द्या. दोन दिवस कडक ऊन खाल्ल्याशिवाय तिच्यात काहीही भरू नका, दिवाळीचे पोहेसुद्धा.